मुसाफिर किती दिवसांचा?

काही वर्षांपूर्वी शाळेच्या सहलीबरोबर आम्ही जंजिऱ्याला गेलो होतो. पहाटे तीनला पलूसहून गाडी सुटली. दोन दिवसांत सात ठिकाणे पाहायची होती. राजपुरीच्या धक्क्यावर पोहोचलो तेव्हा उन्हाने मुले कोमेजून गेली होती. होडीत बसवणे, उतरवणे, मोजणे, पुन्हा बसवणे यातच वेळ गेला. किल्ल्यात पाऊण तास मिळाला. परत आल्यावर वर्गात ‘माझी सहल’ हा निबंध लिहायला दिला, तर चाळीस वह्यांपैकी निम्म्या वह्यांत लिंबू सरबत होते आणि किल्ला एका ओळीत संपला होता. मुलांचा दोष नव्हता. आम्हांला तरी त्याहून जास्त काय आठवत होते?

तेव्हाच मनाशी ठरवले होते, की पुन्हा जायचे तर सावकाश जायचे. एकाच गावी राहायचे, तिथल्या बाजारात भाजी घ्यायची, तिथल्या मशिदीत नमाज पढायची, आणि पाहण्यासारखे सगळे पाहून झाले तरी दोन दिवस उगीच राहायचे.

अशा प्रवासाला हल्ली युरोपात मोठा मान आहे. १९८६ साली रोम शहरात मध्यवर्ती चौकात झटपट खाण्याचे दुकान निघाले, तेव्हा इटलीतल्या काही लोकांनी ‘सावकाश शिजवा, सावकाश जेवा’ अशी चळवळ उभी केली. पुढे तोच विचार प्रवासातही आला. लोक ग्रीसच्या एखाद्या लहान बेटावर महिना महिना राहतात. सकाळी बेकरीत पाव घेतात, दुपारी झोपतात, संध्याकाळी धक्क्यावर बसून बोट येण्याची वाट पाहतात. इकारिया नावाचे ग्रीक बेट तर तिथल्या माणसांच्या दीर्घ आयुष्यासाठी जगभर प्रसिद्ध झाले आहे. वाचायला छान वाटते. पण आपल्याला ग्रीसला कोण नेणार? बेटच हवे तर आपल्याकडे आहे की! ‘जंजिरा’ हा शब्दच मुळी अरबी ‘जज़ीरा’ म्हणजे बेट या शब्दावरून आला. उर्दूच्या तासाला हा शब्द फळ्यावर लिहिताना आम्ही नेहमी हे सांगतो.

मागच्या दिवाळीच्या सुट्टीत भाऊबीज झाली आणि दुसऱ्या दिवशी आम्ही निघालो. आम्ही नवरा-बायको, नववीतला मुलगा, पाचवीतली मुलगी आणि बहात्तर वर्षांच्या अम्मी.

अम्मींची अट

अम्मी यायला तयार झाल्या, पण एका अटीवर. पाण्यावरून जायचे नाही.

ही अट का होती, हे पलूस तालुक्यातल्या कोणालाही सांगावे लागणार नाही. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेला पूर आला तेव्हा अम्मी नदीकाठच्या गावी आपल्या भावाकडे होत्या. दोन रात्री माळ्यावर काढल्या. तिसऱ्या दिवशी त्यांना नावेतून बाहेर काढले. त्या नावेत किती माणसे होती, ती किती हलत होती, हे त्यांनी आम्हांला कधीच नीट सांगितले नाही. त्याच दिवसांत ब्रह्मनाळला लोकांना बाहेर काढणारी नाव उलटली. बाया, लेकरे बुडाली. अख्खा जिल्हा रडला. तेव्हापासून अम्मी नदीकडे फिरकल्या नाहीत. औदुंबर-अंकलखोपच्या बाजूला लग्नाला जायचे असले तरी पूल येईपर्यंत डोळे मिटून तस्बीह ओढत बसायच्या.

आम्ही त्यांना शब्द दिला. किर्लोस्करवाडीहून रेल्वेने पुण्याला, रात्री नातेवाइकांकडे मुक्काम आणि दुसऱ्या दिवशी एस.टी.ने मुरूड. सगळा रस्ता जमिनीवरून. एस.टी. घाट उतरून कोकणात आली आणि खिडकीतून खारा, दमट वारा आला, तेव्हा धाकटी म्हणाली, “दादीजान, समुद्राचा वास येतोय.” अम्मींनी पदर नाकाला लावला.

आपांचे घर

राजपुरीच्या वाटेवर एका घरात आम्हांला दोन खोल्या मिळाल्या. लॉज नव्हे, घर. पुढे पडवी, मागे नारळ-सुपारीची वाडी, विहिरीवर पंप. घरमालकीण पन्नाशीच्या. आम्ही सगळे त्यांना आपा म्हणू लागलो. त्यांचे शौहर अनेक वर्षे आखातात आहेत, थोरला मुलगा जहाजावर. घरात आपा, त्यांची सून आणि दोन वर्षांचा नातू.

मुरूड, म्हसळा, श्रीवर्धन या पट्ट्यातल्या कितीतरी मुस्लिम घरांची हीच कथा आहे. कोकणातला माणूस पिढ्यानपिढ्या समुद्रावरून पोटासाठी बाहेर गेला. आधी जहाजांवर आणि आफ्रिकेत, मग आखातात. त्यामुळे गावाचे घड्याळही दोन असते. एक इथले, एक तिथले. दुबई आपल्या दीड तास मागे, सौदी आणि कुवेत अडीच तास मागे. रात्री साडेदहाला आपांचा फोन वाजायचा, कारण तिकडे तेव्हा आठ वाजलेले असत आणि शौहर कामावरून आलेले असत. नातवाला झोपू द्यायचे नाहीत, दादाजानचा चेहरा दाखवायचा असे. आम्ही पाहुणे ज्याला निवांतपणा म्हणत होतो, तो या घरात वाट पाहणे होता. हे कळायला आम्हांला तीन दिवस लागले. दोन तासांच्या सहलीत ते कळले नसते.

भाषेची मजा वेगळीच. आमची घरची बोली दख्खनी, आपांची कोकणी मुसलमानांची बोली. पहिल्या दिवशी अम्मी आणि आपा एकमेकींशी उर्दूत अदबीने बोलल्या, दुसऱ्या दिवशी दोघी मराठीवर आल्या आणि तिसऱ्या दिवशी जिने-तिने आपापली बोली बोलायला सुरुवात केली. तरी सगळे कळत होते!

स्वयंपाकघरात देवाणघेवाण झाली. आपांकडे तांदळाची भाकरी, मऊ आणि पांढरीशुभ्र. अम्मींनी पलूसहून ज्वारीचे पीठ आणि शेंगदाण्याची चटणी आणली होती. अम्मींची भाकरी पाहून आपांची सून म्हणाली, “ही तर ढालच आहे!” आपांनी जवळा कांद्यावर परतला, कोकम घालून माशाचे कालवण केले, नाश्त्याला घावन केले. अम्मींनी एके दिवशी आपला अख्खा मसूर केला. नातवाने तो सगळ्या अंगाला लावून घेतला.

चार दिवस की पंधरा?

पहिल्या दिवशी जोहरच्या वेळी अम्मींनी दोनच रकाती पढल्या, कारण त्या सफरीत होत्या. आपण दख्खनचे लोक बहुतेक हनफी. आपल्या मसलकात मुक्काम पंधरा दिवसांपेक्षा कमी करण्याचा इरादा असेल तर माणूस मुसाफिरच राहतो आणि चार रकातींच्या फर्ज नमाजा दोनच पढतो. कोकणातले मुस्लिम मात्र शाफई. त्यांच्याकडे येण्या-जाण्याचा दिवस सोडून पूर्ण चार दिवस राहायचा इरादा केला, की मुसाफिरी संपते.

आपा हसून म्हणाल्या, “खाला, तुमच्या हिशोबाने तुम्ही जाईपर्यंत पाहुण्या. आमच्या हिशोबाने चार दिवसांत तुम्ही इथल्याच झालात.”

हे बोलणे आमच्या मनात घर करून बसले. मुसाफिर कधी मुसाफिर राहत नाही? दिवस मोजून, की आणखी कशाने? इब्न बतूता १३२५ साली, वयाच्या एकविसाव्या वर्षी घरातून निघाला आणि पुढची सुमारे तीस वर्षे फिरत राहिला. पण तो धावत फिरला नाही. दिल्लीत अनेक वर्षे काझी म्हणून राहिला, मालदीवच्या बेटांवर गेला तर तिथेही काझी झाला, लग्ने केली, संसार केला. पश्चिम किनाऱ्यावरच्या होन्नावरला तो थांबला, म्हणूनच तिथे मुलांच्या तेवीस आणि मुलींच्या तेरा शाळा आहेत, हे त्याला मोजता आले. नुसता धक्क्यावरून पुढे गेला असता तर मुलींच्या शाळा कशा दिसल्या असत्या? कुरआन माणसाला जमिनीवर फिरायला आणि पाहायला सांगतो. फिरणे आणि पाहणे, दोन्ही. आपण पहिले करतो, दुसरे फोनवर सोपवतो.

मशिदीतही मुलाला नव्या गोष्टी दिसल्या. इथे ‘आमीन’ मोठ्याने म्हणतात, रुकूला जाताना आणि उठताना हात उचलतात, अस्रची अजान आपल्यापेक्षा लवकर होते. त्याने घरी येऊन विचारले, “यांतले बरोबर कोणते?” आम्ही म्हटले, दोन्ही. एकाच घराला दोन दारे असतात. शाळेत हे वाक्य सांगून त्याच्या डोक्यात शिरले नसते. तिथल्या सफमध्ये उभा राहिल्यावर शिरले.

पाऊणपट

रोज अस्रनंतर आम्ही राजपुरीच्या धक्क्याकडे जायचो. अम्मी पहिल्या दिवशी रस्त्यावरच थांबल्या. दुसऱ्या दिवशी धक्क्याच्या तोंडाशी एका कठड्यावर बसल्या, पाण्याकडे पाठ करून.

जवळच एक म्हातारे तांडेल जाळे विणत बसायचे. मुलीने त्यांना विचारले, “आजोबा, पाणी कधी वर येते आणि कधी खाली जाते, तुम्हांला कसे कळते?” त्यांनी जाळे खाली ठेवले आणि हिशोब सांगितला. तिथीची पाऊणपट करायची, तितक्या वाजता पूर्ण भरती. चतुर्थीला चाराची पाऊणपट तीन, म्हणजे दुपारी तीन आणि पहाटे तीन. अष्टमीला सहा. त्यानंतर सुमारे सहा तासांनी पूर्ण ओहोटी. रोज भरती पाऊण तासाहून थोडी पुढे सरकते. अमावस्या-पौर्णिमेला उधाण, पाणी खूप चढते आणि खूप उतरते. अष्टमीच्या आसपास भांग, तेव्हा पाणी मवाळ.

“चाँदच्या तारखेने करायचे असेल तर?” हा प्रश्न अम्मींनी विचारला. पाठ अजून पाण्याकडेच होती, पण मान वळली होती.

तांडेल म्हणाले, “तुमची तारीख तिथीच्या एक-दोन दिवस मागे असते, आजी. दोन मिळवा आणि पाऊणपट करा. मिनिटाला मिनिट नाही जुळणार, पण होडी अडकणार नाही.”

अम्मींना हिजरी तारीख कॅलेंडर न पाहता माहीत असते. दर महिन्याच्या तेरा, चौदा, पंधरा चाँदचे रोजे त्या चुकवत नाहीत. त्या रात्री त्यांनी धाकटीकडून कागदावर पाढा लिहून घेतला. दुसऱ्या दिवशी आम्ही धक्क्यावर गेलो तेव्हा त्यांनी आधीच सांगितले, “साडेचारच्या सुमारास भरेल.” भरले. तिसऱ्या दिवशी पुन्हा सांगितले. पुन्हा भरले.

चौथ्या दिवशी त्या पाण्याकडे तोंड करून बसल्या. बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, “हे पाणी सांगून येते. आपली नदी सांगून आली नाही.”

आम्ही काय बोलणार? पण त्या दिवसापासून त्यांची बसायची जागा रोज एक-दोन पावले पुढे सरकू लागली. धक्क्यावरून पलीकडे दिघीकडे जाणाऱ्या लाँचमध्ये बाया टोपल्या घेऊन, पिशव्या घेऊन चढत होत्या, जशा आपण पलूस स्टँडवर तासगावच्या गाडीत चढतो. एक कोळीण तर चढता चढता चहाचा ग्लास संपवत होती. अम्मी ते रोज पाहत होत्या.

पाण्यातला किल्ला

किल्ल्यात आम्ही दोनदा गेलो. अम्मी आल्या नाहीत आणि आम्ही आग्रह केला नाही.

राजपुरीहून शिडाच्या होड्या जातात. शिडात वारा भरला की इंजिनाचा आवाज नाही, फक्त पाण्याचा. किल्ल्याजवळ जाईपर्यंत त्याचा दरवाजा दिसत नाही, ही बांधणाऱ्याची करामत. तटाची चाळीस फुटांच्या आसपास उंचीची भिंत थेट पाण्यातून उठलेली. दरवाजाजवळ दगडात कोरलेला वाघासारखा प्राणी आहे, त्याने हत्ती पकडून ठेवले आहेत. आत कलालबांगडी ही प्रचंड तोफ, तीन मजली वाड्याचे पडके अवशेष आणि चारी बाजूंनी खारे पाणी असताना गोड्या पाण्याचे दोन मोठे तलाव.

सिद्दी म्हणजे आफ्रिकेतून, हबसाणातून आलेले लोक. कोणी गुलाम म्हणून आणले गेले, कोणी शिपाई, कोणी खलाशी. त्यांतूनच पुढे आरमाराचे सरदार आणि संस्थानचे नवाब झाले. शिवाजी महाराजांनी हा किल्ला घेण्याचे अनेक प्रयत्न केले, शेजारीच समुद्रात पद्मदुर्ग उभा केला. संभाजी महाराजांनी १६८२ च्या सुमारास किनाऱ्यापासून पाण्यात भराव टाकून वाट करण्याचा प्रयत्न केला. किल्ला हाती आला नाही. १९४८ साली संस्थान विलीन झाले तेव्हा तो भारताचा झाला. इतिहासाच्या पुस्तकात एवढे असते.

पुस्तकात नसते ते हे, की इथे माणसे राहत होती. होडीवाल्याने सांगितले, आत मोहल्ले होते, मुस्लिमांचे आणि हिंदूंचेही. संस्थान गेले, रोजगार गेला, आणि घरे हळूहळू किनाऱ्यावर आली. दुसऱ्या फेरीला आम्ही होडीवाल्याशी बोलून जास्त वेळ घेतला आणि तोफा सोडून घरांच्या जोत्यांवरून फिरलो. चुलीची जागा, पाटा ठेवायची जागा, पाणी वाहून जायची मोरी. धाकटीने विचारले, “इथल्या मुली शाळेला कुठे जायच्या? होडीने?” आम्हांला उत्तर आले नाही. पण हा प्रश्न मागच्या सहलीत चाळीसांपैकी एकाही मुलाला पडला नव्हता, कारण आम्ही त्यांना तेवढा वेळच दिला नव्हता.

राजपुरीजवळ खोकरी येथे सिद्दी सरदारांच्या तीन दगडी कबरी-इमारती आहेत. सगळ्यांत मोठी सिद्दी सिरुलखानाची. तिथे गर्दी नसते. एक दुपार आम्ही तिथेच सावलीत बसून काढली.

बेटावरच्या बेगम

मुरूडमध्ये टेकडीवर नवाबांचा राजवाडा आहे. खाजगी आहे, आत जाता येत नाही. रस्त्यावरूनच पाहिला आणि मुलांना त्या घराण्यातल्या एका बाईची गोष्ट सांगितली.

नवाब सिद्दी अहमदखान यांच्या बेगम रफिया सुलतान नाझली. फैजी घराण्यातल्या. त्यांच्या धाकट्या बहीण अतिया फैजी १९०६ साली शिक्षिकेचे प्रशिक्षण घेण्यासाठी लंडनला गेल्या, मारिया ग्रे ट्रेनिंग कॉलेजात. म्हणजे आमच्या भाषेत बी.एड. करायला! एकशेवीस वर्षांपूर्वी, एक मुस्लिम मुलगी, बोटीने. तिथून त्या आपल्या बहिणीला रोजनिशी लिहून पाठवत. ती लाहोरच्या ‘तहज़ीब-ए-निस्वाँ’ या स्त्रियांच्या उर्दू पत्रात छापून येई. पुढे १९२१ मध्ये ‘ज़माना-ए-तहसील’ या नावाने तिचे पुस्तक झाले. १९०८ साली नाझली बेगम स्वतः नवाबांबरोबर युरोपच्या सफरीला गेल्या. तुर्कस्तानलाही गेल्या आणि ‘सैर-ए-युरोप’ हे प्रवासवर्णन उर्दूत लिहिले.

म्हणजे घराघरांत वाचल्या जाणाऱ्या पत्रात प्रवासाची हकीकत लिहिण्याची ही चाल आपल्याकडे जुनी आहे, आणि तिचा एक धागा या लहानशा बेटाशी जुळलेला आहे. आमच्या उर्दूच्या वर्गात मुलीच जास्त असतात. सुट्टीनंतर त्यांना पहिला धडा आम्ही हाच सांगितला.

जुम्मा

शुक्रवारी दुपारी धक्का शांत झाला. किल्ल्याच्या होड्या नमाजपुरत्या थांबल्या, नाखवे हातपाय धुऊन मशिदीकडे निघाले. बाहेरगावचे प्रवासी गाडीत बसून घड्याळ पाहत होते. त्यांत मागच्या वेळचे आम्ही आम्हांलाच दिसलो.

बायका घरी होत्या. आपांनी नारळाच्या दुधात सांदण केले होते. अम्मींना त्या म्हणाल्या, “खाला, परत कसे जाणार? बोटीने गेलात तर किनाऱ्याकिनाऱ्याने चिपळूण, मग घाट चढून कराड. रस्ता फार सुंदर आहे. मी बाळंतपणाला माहेरी तशीच जायची, दाभोळला.”

अम्मींनी विचारले, “भीती नाही वाटायची?”

आपा म्हणाल्या, “वाटायची. माझा मुलगा आत्ताही पाण्यावर आहे. रोज रात्री वाटते. पण पाण्याशी बोलणे सोडले, तर त्याच्याशी कसे बोलू?”

अम्मी काही बोलल्या नाहीत. रात्री इशाच्या नमाजनंतर मात्र त्यांनी आम्हांला बोलावले. “परवा चाँद दहा. दोन मिळवले, बारा. बाराची पाऊणपट नऊ. सकाळी नवाच्या बोटीला पाणी भरलेले असेल. चढायला सोपे जाईल ना?”

परतीची वाट

मुरूडहून थोड्या अंतरावर आगरदांडा. तिथून खाडीपलीकडे दिघी. फेरीबोट म्हणजे सपाट लोखंडी अंगण. त्यावर मोटारी, दुचाक्या, माणसे सगळी एकत्र चढतात. अम्मी चढल्या. एका हाताने नातीला धरले होते, दुसऱ्या हातात तस्बीह. डोळे मिटलेले. इंजिन सुरू झाले, फळी वर उचलली गेली. मध्यावर आल्यावर त्यांनी डोळे उघडले. डावीकडे खाडी, उजवीकडे खुला समुद्र आणि दूरवर जंजिरा. “हाच का तो?” एवढेच म्हणाल्या. आठ दिवसांत त्यांनी तो पहिल्यांदा नीट पाहिला.

दिघीहून दिवेआगर, श्रीवर्धन. श्रीवर्धनच्या बाजारात सुपारी घेतली. पुढे बागमांडल्याला दुसरी फेरीबोट, पलीकडे वेसवी. ही सावित्रीची खाडी. आम्ही अम्मींना सांगितले, सावित्री महाबळेश्वरला उगम पावते, जिथे आपली कृष्णा उगम पावते तिथेच. एक पूर्वेला गेली, एक पश्चिमेला. अम्मी म्हणाल्या, “म्हणजे बहिणीच की.” या वेळी त्यांनी डोळे मिटले नाहीत.

रात्र दापोलीत काढून दुसऱ्या दिवशी दाभोळ. एकेकाळचे केवढे मोठे बंदर! बहमनी आणि आदिलशाही काळात इथून अरबस्तान-इराणला जहाजे जात. १५०८ च्या अखेरीस पोर्तुगीज आल्मेदाने हे शहर जाळले. रशियाचा प्रवासी निकितिन भारतातून परत निघाला तो इथूनच. आज शांत गाव आहे, खाडीच्या काठी माँसाहेबांची काळ्या दगडाची मशीद. घुमट आणि मिनार पाहून विजापूरची आठवण येते. लोक सांगतात, विजापूरची शहजादी हजला जायला इथवर आली, पण समुद्र मार्ग देईना. महिने गेले, जाणे झाले नाही, तेव्हा हजसाठी आणलेल्या खजिन्यातून तिने इथे मशीद बांधली. इतिहास काय असेल तो असो, अम्मी मशिदीच्या पायरीशी बसून ही कथा दोनदा ऐकत्या झाल्या. उमऱ्यासाठी त्याही कित्येक वर्षे पैसे बाजूला टाकत आहेत.

दाभोळहून धोपावे, तिसरी आणि शेवटची फेरीबोट. ही वाशिष्ठी. इथे आमच्या मुलाने भूगोल काढला. कोयना नदी कराडला कृष्णेला मिळते. पण कोयनेचे धरण बांधल्यावर तिचे पुष्कळसे पाणी डोंगरातल्या बोगद्यांतून पश्चिमेला वळवून पोफळीला वीज तयार करतात आणि ते पाणी पुढे वाशिष्ठीला सोडतात. वाशिष्ठी चिपळूणवरून दाभोळच्या खाडीला येते. म्हणजे जे पाणी कराडवरून आपल्या पलूसच्या बाजूला आले असते, त्यातले काही आत्ता या बोटीखाली होते.

अम्मींनी त्याला हे पुन्हा सांगायला लावले. मग कठड्याजवळ गेल्या. आम्ही मागे उभे राहिलो, हात पुढे करण्याच्या बेतात. त्यांनी फक्त वाकून पाहिले. “आपलेच पाणी,” म्हणाल्या, “इकडून आले.”

चिपळूणहून कुंभार्ली घाट चढलो, कोयनानगर, पाटण, कराड आणि दिवेलागणीला पलूस.

जाणाऱ्यांसाठी थोडेसे

पावसाळ्यात किल्ल्याच्या होड्या बंद असतात. दिवाळीनंतरचे दिवस उत्तम. ऐन सुट्टीची गर्दी टाळता आली तर बरे. लॉजपेक्षा घरगुती खोली घ्यावी, स्वयंपाकघर वापरायला मिळते का ते आधी विचारावे. मग खर्च निम्म्यावर येतो आणि ओळख दुप्पट होते. शुक्रवारी दुपारी किल्ल्याचा बेत करू नये. किल्ल्याला एकदा जाऊन थांबू नये, दुसऱ्यांदा जावे. मुलांना यादी देऊ नये, एक वही द्यावी. आणि घरात वडीलधारी माणसे असतील तर त्यांना बरोबर न्यावे. त्यांच्यामुळे प्रवास आपोआप सावकाश होतो. आपण ज्याला अडचण समजतो, तीच सोय निघते.

आमच्या धाकटीच्या वहीत या वेळी लिंबू सरबत नव्हते. तांडेल आजोबांचा पाऊणपटीचा पाढा होता, आपांच्या नातवाचे चित्र होते आणि ‘किल्ल्यातल्या मुली शाळेला कशा जायच्या’ हा प्रश्न तसाच होता.

आल्यावर दुसऱ्या दिवशी अम्मींनी जोहरच्या चार रकाती पढल्या. सफर संपली होती. संध्याकाळी आपांचा फोन आला. “खाला, आमच्याकडे आता किती वाजता भरती, सांगा पाहू?” अम्मींनी बोटांवर मोजले आणि सांगितले. पलूसच्या घरात, समुद्रापासून इतक्या दूर, आता रोज एकदा तरी हा हिशोब होतो.

मागच्या रविवारी त्या म्हणाल्या, औदुंबरच्या बाजूला एकदा गाडी काढा, नदी पाहून येऊ. पाणी कमी आहे, आता भीती नाही. आम्ही गाडी काढली.